मिरचीच्या हंगामातला साबण

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एकमेकांना न ओळखणारी माणसं एकदमच शिंकायला लागली की समजावं, मिरचीचे दिवस आले. नवी मुंबईत, आमच्या उलव्यात, हे फेब्रुवारीच्या शेवटाला सुरू होतं. टेरेसच्या दारावर सेक्रेटरी नोटीस लावतात, की मिरच्या वाळत घालणाऱ्यांनी आधी वॉचमनकडे फ्लॅट नंबर नोंदवावा. ती नोटीस वाचून कुणी नंबर नोंदवल्याचं अजून तरी माझ्या कानावर आलेलं नाही. सकाळी नऊपर्यंत टेरेस लाल झालेली असते. एका कोपऱ्यात ब्याडगी, दुसऱ्या कोपऱ्यात लवंगी, मध्ये जुन्या साड्यांच्या सीमारेषा. डोक्यावरून विमान गेलं की बायका मान वर करतात, आणि विमान गेल्यावर पुन्हा देठं काढायला लागतात.

माझ्या गॅलरीत या दिवसांत साबण सुकत असतात. लाकडी फळ्यांवर ओळीनं मांडलेल्या वड्या, काही पिवळसर, काही मातकट हिरव्या. त्या महिना-दीड महिना अशाच बसून राहतात आणि त्यांच्याकडे बघत मीही थांबून राहते. साबण करण्यात काम थोडं आणि थांबणं फार. माझ्यासारख्या उतावळ्या बाईनं हा उद्योग का निवडला, हे कोडं माझ्या नवऱ्याला अजून सुटलेलं नाही. पण वरून मिरचीचा खाट आणि गॅलरीतून करंजेलाचा कडवट वास, हे दोन्ही एकत्र नाकात शिरले की मला तीन वर्षांपूर्वीचा हंगाम आठवतो. आठवतो म्हणजे काय, अंगावरच येतो.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, मसाला मार्केटात माथाडी होते. सातारा जिल्ह्यातल्या गावाहून तरुणपणी आले आणि सगळं आयुष्य पाठीवर पोती वाहण्यात घालवलं. हळदीची पोती वाहिली की माणूस पिवळा होतो, धण्याची वाहिली की अंगाला वास येतो, आणि ही दोन्ही कामं आप्पांच्या लेखी सुट्टीसारखी. खरं काम मिरचीचं. पोत्याच्या विणीतून मिरचीची भुकटी झिरपते, घामात कालवली जाते आणि मानेपासून कमरेपर्यंत आग करत बसते. म्हणून मिरचीच्या हंगामात ही माणसं सकाळी कामाला लागण्याआधी उघड्या अंगाला तेल चोपडतात. तेलाचा थर असला की मिरची कातडीपर्यंत पोहोचायला जरा वेळ लागतो. तेवढाच काय तो बचाव.

घरी आल्यावरचा नियम त्याहून कडक होता. आधी तेल, मग पीठ, मग साबण. मिरचीच्या अंगावर थेट पाणी घेतलं तर आग पसरते, आणि गरम पाणी घेतलं तर बघायलाच नको. म्हणून आई आधी तेल चोळायची, फडक्यानं ते निपटून काढायची, मग बेसन लावून ते खरवडायची आणि मग कुठे आप्पा गार पाण्यानं आंघोळीला जायचे. हे सगळं होईपर्यंत आम्हा भावंडांना त्यांच्याजवळ जायची बंदी होती. कोपरखैरण्याच्या आमच्या छोट्या घरात आम्ही भिंतीला पाठ लावून उभे राहायचो. आप्पा आणलेला खाऊ उंबऱ्यावर ठेवायचे आणि लांबूनच विचारायचे, "काय गं नंदे, जेवलीस का?" त्यांच्या गळ्यात पडायचं तर तीन पायऱ्या पार पडायला हव्यात, हे मला इतकं सवयीचं होतं, की सगळ्यांच्याच घरी वडिलांना आधी तेल लावतात असं मी बरीच वर्षं समजत होते.

ते तेल म्हणजे करंजेल. गावाकडून मोठ्या बाटलीत यायचं आणि आई त्यात निम्मं खोबरेल मिसळायची. करंजाच्या बियांचं ते तेल कडू, काळपट आणि वासाला उग्र. शाळेत माझ्या दप्तरालाही तो वास यायचा. मला त्याची लाज वाटायची, हे आता लिहायलाही लाज वाटते. मोठी झाल्यावर मी ऐरोलीत एका कंपनीच्या बॅक ऑफिसमध्ये नोकरीला लागले, पहिल्या पगारात गुलाबाच्या वासाचा साबण आणला आणि त्या कडू वासापासून सुटल्यासारखं मला वाटलं.

बारा वर्षं नोकरी केली. परदेशातल्या लोकांचे तक्ते तपासायचे, आकड्यातली चूक शोधायची आणि लाल करून परत पाठवायची, हे माझं काम. त्या हंगामाच्या आधीच्या दिवाळीनंतर आमची सगळी टीमच बंद केली. ड्रॉवरमधला कप आणि शाल पिशवीत घालून मी घरी आले. वय एक्केचाळीस. नवरा म्हणाला, "आराम कर की जरा." मी चार दिवस आराम केला आणि पाचव्या दिवशी मला भीती वाटायला लागली. आपण आता कुणाच्याच उपयोगाचे राहिलो नाही, अशी ती सरळसोट भीती होती. तिला दुसरं नाव द्यायचं कारण नाही.

साबणाचं वेड मोबाइलवरच्या व्हिडिओंतून लागलं. कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवायचा, तेलात ओतायचा आणि पिठल्याइतपत दाट होईपर्यंत घोटत राहायचं. साच्याला मी जुन्या कपाटाचा लाकडी ड्रॉवर घेतला. पहिले दोन घाणे खोबरेलाचे आणि थोड्या एरंडेलाचे केले. पांढरेशुभ्र झाले, फेस भरपूर, आणि मी हरखून गेले. एका रविवारी आई-आप्पा आले तेव्हा त्यांच्या हातात वडी ठेवली. आप्पांनी ती नाकाशी नेली, अंगठ्यानं दाबून बघितली.

"चांगला हाय," ते म्हणाले. "पर नुसतं खोबरेल कातडी कोरडी करतंय. करंजेल घाल की यात. आपल्याकडं म्हातारी मानसं खरजेला तेच लावायची."

करंजेल! ज्या वासापासून मी पळाले, तोच वास पुन्हा घरात आणायचा. पण आप्पांनी आयुष्यात मला कधी कशात सल्ला दिला नव्हता. दहावीनंतर मी कुठली शाखा घ्यावी यावरही ते म्हणाले होते, "तुला कळतंय ते कर." त्यांना ज्यातलं कळतं असं काहीतरी मी पहिल्यांदाच करत होते. मी बाटली मागवून घेतली.

आणि तिथे माती खाल्ली. खोबरेल होतं त्यातलं निम्मं काढलं आणि तेवढ्याच वजनाचं करंजेल घातलं. तेलाच्या जागी तेल, वजनाला वजन. सोड्याचं माप होतं तेच ठेवलं. प्रत्येक तेलाची सोडा पचवायची ताकद वेगळी असते, खोबरेल पुष्कळ पचवतं आणि करंजेलाला त्यामानानं कमी लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. बारा वर्षं दुसऱ्यांच्या तक्त्यांतली चूक शोधून पोट भरलेली बाई, आणि स्वतःची चार ओळींची कृती तपासायचं तिला सुचलं नाही. न पचलेला सोडा साबणात तसाच राहिला.

हे कुणाच्याही लक्षात आलं असतं. पण तेव्हा मिरचीचे दिवस होते. घाणा सुकून तयार झाला तो नेमका फेब्रुवारीच्या शेवटाला. तो साबण मी स्वतः हाताला लावला, हात चुरचुरले, पण त्याच दुपारी मी आईबरोबर पाच किलो मिरच्यांची देठं काढली होती. आमच्या इमारतीत त्या आठवड्यात कुणाचे हात चुरचुरत नव्हते? मी मिरचीला दोष दिला आणि खोबरेल चोळून गप्प बसले.

आप्पांना मी चार वड्या दिल्या. हा त्यांचा शेवटचा हंगाम होता, दिवाळीला ते कामातून मोकळे होणार होते. त्यांच्या पाठीला आराम पडेल असा साबण आपण केला, या कल्पनेनंच मी खूश होते. पुढच्या रविवारी विचारलं, "आप्पा, कसा आहे साबण?"

"लय भारी," आप्पा म्हणाले. "एक नंबर."

त्याच्या पुढच्या रविवारी तर त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून झिजलेली वडी काढून दाखवली. "बघ, निम्मा संपला." मी ती वडी हातात घेऊन इतकी फुगले, की शेजारीपाजारी सांगत सुटले, माझ्या वडिलांची मिरचीनं भाजलेली पाठ माझ्या साबणानं निवते म्हणून.

ते ऐकूनच स्नेहल आली. आमच्या खालच्या मजल्यावर राहते, मूळची कोकणातली, पनवेलला एका दवाखान्यात काउंटरवर काम करते. तिची मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती आणि तिच्या गालांना, कोपरांना कोरडे चट्टे पडत होते. "ताई, बाजारातलं सगळं लावून झालं," ती म्हणाली. "तुमचा तो घरचा साबण मिळेल का बेबीला? केमिकलवालं काही नको आता." मला माझं पहिलं गिऱ्हाईक मिळालं होतं. गिऱ्हाईक म्हणण्यापेक्षा, माझी गरज असलेलं माणूस मिळालं होतं. मी तिला रविवारी दुपारी ये म्हणाले.

त्या रविवारी मी दोन वड्या बटर पेपरमध्ये बांधल्या, वर सुती दोरा गुंडाळला. आई स्वयंपाकघरात होती. आप्पा हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून मिरच्यांची देठं काढत बसले होते. सहा दिवस मिरची वाहायची आणि सातव्या दिवशी लेकीकडे येऊन पुन्हा मिरचीच निवडायची, यात त्यांना काही विचित्र वाटत नसे. दार उघडं होतं. स्नेहल बाळाला कडेवर घेऊन आली आणि बाळानं आप्पांकडे बघून हात पुढे केले. आप्पांनी आपले मिरचीचे हात पटकन मागे लपवले.

मी पुडी स्नेहलच्या हातात देत होते, एवढ्यात आप्पा म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. लेकराला नगं."

"म्हणजे?" मी चिडलेच. चारचौघांत आपल्याच बापानं असं बोलावं? "तुम्हीच तर तीन आठवडे वापरताय. लय भारी म्हणालात ना?"

"माझ्या पाठीचं काय घिऊन बसलीस. ते लेकरू हाय."

ते पुन्हा देठं काढायला लागले. आई हात पुसत बाहेर आली, आप्पांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिनं त्यांचा सदरा वर केला. दोन्ही खांद्यांच्या मधली कातडी लालभडक, कुठे सोललेली, कुठे खपली धरलेली. मिरचीनं लाल झालेली पाठ मी लहानपणापासून बघत आले होते. ही तशी नव्हती. एवढं तेव्हाही मला एका नजरेत कळलं.

"पयल्या दिवसापासनं झोंबतोय त्यांना," आई म्हणाली. "मी म्हनलं, सांगा पोरीला. तर म्हनले, नवीन हाय, हात बसू दे तिचा. बरं, मी म्हनलं, मग लावू तरी नका. तर काय म्हनले ठावं हाय? पोरगी इचारती, वापरता का. वापरतो म्हनायचं, ते तरी खरं असाया पायजे."

आप्पा मिरच्यांकडे बघत होते. शरमल्यासारखे. चूक माझी आणि शरमलेले ते.

मी गॅलरीत गेले, फळीवरची एक वडी उचलली आणि जिभेला लावली. बॅटरीच्या सेलला जीभ लावल्यावर बसतो तसा झटका बसला. ही परीक्षा कुठल्याशा व्हिडिओत मी बघितली होती आणि कंटाळा केला होता. दोन क्षणांची परीक्षा, आणि ती मी आप्पांच्या पाठीवर तीन आठवडे घेत होते. आजच्या आज ते बाळ त्या साबणानं न्हालं असतं.

बाहेर येऊन मी स्नेहलला खरं ते सांगितलं. "स्नेहल, माझं चुकलंय. सोडा जास्त झालाय. हा साबण बाळाला लावायच्या लायकीचा नाही, कुणालाच लावायच्या लायकीचा नाही." मला वाटलं होतं, आता ही पुन्हा आपल्या दारात यायची नाही. तिनं पुडी टीपॉयवर ठेवली, बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "टेन्शन नका घेऊ, ताई. सांगितलंत ना, बस. पुढचा झाला की सांगा. पण आधी तुम्ही लावून बघा हां." त्या शेवटच्या वाक्याबद्दल मी तिची आजन्म ऋणी आहे.

ती गेल्यावर मी आप्पांच्या मागे बसले. आईनं न सांगताच खोबरेलाची वाटी आणून दिली. इतक्या वर्षांत आप्पांच्या पाठीला हात मी कधी लावलाच नव्हता, ते काम नेहमी आईचं. मानेखाली, जिथे पोतं टेकतं तिथे, कातडी चपलेच्या तळासारखी जाड झाली होती. बोटांनी दाबलं तरी त्यांना कळत नव्हतं. त्याच्या खाली, जिथे ती मऊ होती, तिथे माझ्या साबणानं जखमा केल्या होत्या. मला रडू आलं. आप्पा पुढे बघतच म्हणाले, "रडतीस कशाला? मिरची लागली व्हय डोळ्याला?" आई हसली, मग मीही हसले आणि हसता हसता आणखीच रडले.

तो घाणा वाया मात्र गेला नाही. आईनं तो कोपरखैरण्याला नेला आणि सतरंज्या, पायपुसणी, आप्पांचे कामाचे कपडे त्यानं धुतले. "मळ कसा पळतोय," ती फोनवर सांगायची. मी वही घेतली, प्रत्येक तेलापुढे त्याला किती सोडा लागतो ते लिहिलं आणि आकडेमोड तीनदा तपासली. ऐरोलीतल्या बारा वर्षांचा तो पहिला खरा उपयोग. नवा घाणा केला, सुकायला ठेवला, जिभेला लावून बघितला. मे महिन्यात आधी स्वतः आठ दिवस वापरला, मगच आप्पांना दिला. तेव्हा हंगाम संपला होता आणि पाठ भरून आली होती.

रविवारी विचारायचं धाडसच होईना. शेवटी आप्पांनीच विषय काढला.

"वास औषधावानी येतो," ते म्हणाले. "आन फेस कमी हाय."

मला इतका आनंद कुठल्याच कौतुकानं झाला नव्हता. ते तक्रार करत होते, म्हणजे खरं बोलत होते. त्या आठवड्यात स्नेहलला दोन वड्या दिल्या. तिनं आधी बाळाच्या पावलाला लावून बघितलं, दोन दिवस थांबली आणि मग अंगाला लावला. शहाणी बाई. ते बाळ आता चार वर्षांचं होईल. माझ्या गॅलरीत येऊन ओल्या वड्यांवर बोटं उमटवून जातं.

तेव्हापासून आमचं असं ठरूनच गेलंय. नवा घाणा झाला की पहिली वडी मला, दुसरी आप्पांना, आणि आप्पांनी खोड काढली की माझा जीव भांड्यात पडतो. कडुलिंबाचा केला तर म्हणाले, हिरवा रंग डोळ्यांत खुपतो. तिळाच्या तेलाचा केला तर म्हणाले, लवकर झिजतो. मी प्रत्येक तक्रार वहीत लिहून ठेवते. लोक म्हणतात, तुमचा साबण शुद्ध, नैसर्गिक, हातचा. मी मान डोलावते. करंजेल नैसर्गिकच होतं आणि हातही माझेच होते, हे मात्र मी विसरत नाही.

खूपदा मनात येतं, आप्पांना एकदा थँक्यू म्हणावं. पण आमच्यात तो शब्द म्हणायची पद्धत नाही. म्हटला तर ते घाबरतील, मला काही झालंय की काय म्हणून. आमच्याकडे तेल लावतात.

परवा आई-आप्पा आले. लिफ्टमधून शिंकतच वर आले. आप्पांना काम सोडून आता अडीच वर्षं होतील, तरी या दिवसांत ते सकाळी उठून अंगाला तेल चोपडतात. आई ओरडते, चादरी खराब होतात म्हणून. आप्पांचं उत्तर ठरलेलं, "सीझन हाय." मी त्यांना महिन्यापूर्वी यंदाच्या करंजेलाच्या घाण्यातली वडी दिली होती. चहा देताना सहज विचारलं, "कसा आहे या वेळचा?"

"छान हाय," आप्पा म्हणाले.

मी वाट बघितली. वास, रंग, फेस, काहीतरी येईल. काहीच येईना. ते चहा फुंकत राहिले.

मी उठले, त्यांच्या मागे गेले आणि न विचारता सदरा वर केला. पाठ स्वच्छ होती, कुठे लाली नाही, ओरखडा नाही. मी मानेखाली हात फिरवला, जिथे ती जाड, बहिरी कातडी होती तिथे. बोट टेकल्याबरोबर आप्पांनी अंग चोरलं. त्यांना गुदगुल्या झाल्या होत्या.

"खरंच छान हाय गं," ते हसत म्हणाले. "आता खोटं बोलायचं म्हनलं, तर पाठ कुठं तेवढी घट्ट ऱ्हायलीया?"

मी आईकडे तेलाची वाटी मागितली.